एका पडद्याचे दोन धनी

कॉम्प्युटरनं माझं लिखाण शेवटून खायला सुरुवात केली, त्या दिवशी ताई १९६१ सालचा पूर सांगत होती.

ताई माझी थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढं. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्यानं मान टाकली आणि मुठा नदी नारायण पेठेत आमच्या घरात आली, तेव्हा ताई सोळा वर्षांची होती आणि मी पाच. म्हणजे 'मी पानशेतचा पूर पाहिलाय' असं चारचौघांत सांगायला मी मोकळा आहे. पण खरं विचाराल तर मला आठवतो तो फक्त कुणाच्या तरी खांद्याचा ओला वास. बाकी सगळा पूर ताईकडं. तिचा पूर एकदा लिहून काढायचा, असं आम्ही दहा वर्षं म्हणत होतो. गेल्या पावसाळ्यात ती जिन्यात पडता पडता वाचली आणि मग म्हणणं थांबवून आम्ही कामाला लागलो. ती समोरच्या खुर्चीत बसून सांगणार, मी टंकणार. एक अट मात्र होती, आणि ती ताईनं घातलेली नव्हती, स्वभावानंच घातली होती : ती एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा तसंच सांगत नाही.

तर त्या दिवशी गोष्ट अण्णांच्या टाइपरायटरपाशी आली होती. अण्णा म्हणजे आमचे वडील. कोर्टाबाहेर बसून ते लोकांचे अर्ज टंकून देत. ते यंत्र म्हणजे घरातली मिळवती व्यक्ती. पाणी चढायला लागल्यावर अण्णांनी काय केलं, हे ताईनं सांगितलं. मी टंकलं. चार पानं झाली होती. ताईनं चष्मा काढला, घरात घातला, माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर गुडघ्यानं ढकलून बंद केला. (ही क्रिया वाचकांनी लक्षात ठेवावी. आम्ही ठेवली नाही.)

आणि पडद्यावरचा शेवटचा पूर्णविराम नाहीसा झाला.

मग 'होतं' गेलं. मग 'गुंडाळलेलं' हा शब्द मागून पुढं, लं, ले, ळ, डा असा सोलला गेला. मी दोन्ही हात वर केले होते. हिंदी सिनेमात इन्स्पेक्टरनं पिस्तूल रोखल्यावर खलनायक करतो तसे. तरी अक्षरं जातच होती, सेकंदाला वीस-पंचवीस तरी. ओळ गेली, परिच्छेद गेला. "थांबव ना रे!" ताई ओरडली. थांबव म्हणजे काय करू? बैल असता तर कासरा ओढला असता. मी घाबरून खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर माऊस मारला. यंत्रानं नम्रपणे विचारलं, बदल जतन करायचे का? माझी सगळी नोकरी होय म्हणण्यात गेलेली. मी म्हटलं, होय.

चार पानांतली साडेतीन अशा रीतीनं माझ्या सहीशिक्क्यानिशी गेली. केलेलं मागं घेण्याची सोय असते, पण ती कागद उघडा असेपर्यंत. एकदा मिटला की यंत्राला काही आठवत नाही.

त्या आठवड्यात असं तीनदा झालं. आणि तिन्ही वेळा ताई समोर असताना. मी एकटा दूधवाल्याचा हिशेब लिहायला बसलो की यंत्र गोगलगायीसारखं गरीब. ताई बसली की पाचव्या मिनिटाला खायला सुरुवात. त्याहून विचित्र म्हणजे, ताईनं चष्मा लावून पडद्याकडं रोखून पाहिलं की ते थांबायचं. "माझ्या नजरेला भितंय," ताई म्हणाली. पण तिसऱ्या वेळेला ती हसली नाही. म्हणाली, "हे सांगू नये असंच असेल कुणाच्या तरी मनात. राहू दे." आणि चष्मा घेऊन घरी गेली.

इथं मात्र मी हादरलो. ताईनं 'राहू दे' म्हटलं की ते राहतंच. १९७० साली तिनं नाटकात काम करणं असंच 'राहू दे' म्हणून सोडलं होतं.

माझ्याकडं लिनक्स आहे. विंडोजला पैसे पडतात हे एक कारण, आणि वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलानं ते फुकट बसवून दिलं हे दुसरं. मला काका म्हणायचं की आजोबा, हे त्या मुलाचं अजून ठरलेलं नाही. यंत्र चालत असलं की काका, बंद पडलं की आजोबा. तो परीक्षेत अडकला होता. म्हणाला, "आजोबा, इनपुट डिव्हाइसचा काहीतरी कॉन्फ्लिक्ट दिसतोय. रविवारी बघतो." रविवारला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत मी या भांडणाचा इतिहास वाचून काढला. माणसाला आजार समजेना की तो आजाराचा इतिहास वाचतो, तसं.

मूळ पुरुष क्रिस्टोफर शोल्स. अमेरिकेतल्या मिलवॉकी गावचा. १८६८ साली त्यानं आणि त्याच्या दोन सोबत्यांनी टाइपरायटरचं पेटंट घेतलं आणि १८७३ मध्ये ते यंत्र बनवायला घेतलं ते रेमिंग्टननं, म्हणजे बंदुका करणाऱ्या कारखान्यानं. त्यामुळं कळ दाबली की गोळी सुटल्यासारखा आवाज येत असावा. पण त्या यंत्राचं एक वैशिष्ट्य होतं. कळांची पाटी एक, कागद एक, माणूस एक. भांडायचं कुणी कुणाशी? आणि दुसरं, मला फार महत्त्वाचं वाटणारं : पुढं टाइपरायटरला जी मागं जायची कळ आली, ती गाडी एक घर मागं न्यायची, बस. अक्षर पुसायची नाही. चूक कागदावरच राहायची, वर फुल्या मारल्या तरी खालून डोकवायची. अण्णांनी चाळीस वर्षं टंकलं, पण त्यांच्या हातून एकही अक्षर नाहीसं झालं नाही.

मागची कळ खायला शिकली ती कॉम्प्युटरवर, आणि तिथंही काय खायचं याबद्दल लगेच भाऊबंदकी. आस्की संकेतात दोन वेगवेगळी चिन्हं होती. ८ नंबरचं म्हणजे एक घर मागं जा. १२७ नंबरचं म्हणजे खोडा. हा १२७ कुठून आला, हे कळल्यावर मला त्या लोकांचं कौतुक वाटलं. तेव्हा अक्षरं कागदी फितीवर भोकं पाडून लिहीत. एका अक्षराला सात जागा. पाडलेलं भोक बुजवता येत नाही. मग चुकलेलं अक्षर खोडायचं कसं? तर उरलेल्या जागांतही भोकं पाडायची. सातही भोकं म्हणजेच १२७. इथं काही नव्हतं असं समजून पुढं चला. फाटक्या बंडीला आणखी फाडून 'ही बंडीच नव्हे' म्हणायचं! पुढं पडदे आले, भोकं गेली, पण बॅकस्पेस दाबल्यावर ८ पाठवायचा की १२७, यावर एकमत झालं नाही. लिनक्सवर तर हा तंटा वर्षानुवर्षं चालला. लोक खोडायला जायचे आणि पडद्यावर खोडण्याऐवजी टोपी घातलेला एच उमटायचा. शेवटी डेबियनवाल्यांनी नियमच केला : बॅकस्पेसनं १२७ च पाठवायचा.

आता माऊस. डग्लस एंगलबार्ट या कॅलिफोर्नियातल्या माणसाच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यानं १९६४ साली पहिला माऊस केला. लाकडी डबी, पोटाशी काटकोनात दोन चाकं, वर एकच बटण. पडद्यावरच्या शब्दावर बोट ठेवायला काय बरं पडेल, याच्या त्यांनी रीतसर परीक्षा घेतल्या. त्यात प्रकाशाची लेखणी होती, दांडा होता, आणि टेबलाखाली गुडघ्यानं हलवायचं एक यंत्रही होतं. माऊस जिंकला. गुडघा जिंकला असता तर आज आमच्या पिढीतलं कुणीही कॉम्प्युटरपाशी फिरकलं नसतं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टनं हजारेक लोकांसमोर दीड तास प्रात्यक्षिक केलं. उजव्या हाताशी माऊस, मध्ये टंकायची पाटी, डाव्या हाताशी पाच पेटीच्या पट्ट्यांसारख्या पट्ट्यांचं तिसरंच एक यंत्र. एक माणूस आणि तीन वाद्यं. पण हात त्याचेच, डोकं त्याचंच. त्यामुळं सूर जुळले. पेटंट त्याला १९७० मध्ये मिळालं आणि माऊस घरोघर जाण्याच्या आतच १९८७ मध्ये संपलं. त्याला त्यातून काही मिळालं नाही. उंदरावर गणपती बसतो, कमाई पुजाऱ्याची होते.

१९८७ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी आयबीएमनं पीएस-टू नावाचं यंत्र काढलं आणि त्याला पाठीमागं दोन गोल भोकं ठेवली, एक कीबोर्डचं, एक माऊसचं. आकार तोच, पिना त्याच. चुकून अदलाबदल केली तर खुशाल बसतात, मात्र चालत नाहीत. पुढं दहाएक वर्षांनी कुणाला तरी सुचलं आणि जांभळं कीबोर्डचं, हिरवं माऊसचं असे रंग आले. आत मात्र दोघांना मिळून एकच चिप, ८०४२ नावाची, आणि बाहेर पडायला एकच दार. कीबोर्डचं अक्षर असो की माऊसची हालचाल, यायचं त्याच दारातून. आलेला बाइट कुणाचा, ते एका वेगळ्या खुणेवरून ओळखायचं. चाळीतल्या सामायिक नळावर राहिलेल्यांना पुढचं सांगायला नको.

त्याच १९८७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत एक्स नावाच्या खिडक्यांच्या व्यवस्थेची अकरावी आवृत्ती निघाली. लिनक्सच्या पडद्यावर पुढं तीच बसली. माझ्या जुन्या यंत्रावर अजून तीच आहे. तिची श्रद्धा सोपी : पडद्याला एक बाण, एक कीबोर्ड. त्यांना 'कोअर' म्हणायचं. घरात एक यजमान, एक यजमानीण. पाहुणे आले तर त्यांचं बोलणं यजमानांच्याच तोंडून ऐकू यायचं. हा शेवटचा मुद्दा माझ्या गोष्टीत खलनायक म्हणून परत येणार आहे.

१९९१ साली लिनस टॉरवाल्ड्सनं लिनक्स काढलं. त्यात खिडक्यांबाहेरच्या काळ्या पडद्यावरही माऊस चालावा म्हणून जीपीएम नावाचा एक कारकून होता. आणि खिडक्यांच्या आत एक्स. माऊस एक आणि वाचणारे दोन! पीएस-टू माऊस दर हालचालीला तीन बाइट पाठवतो : बटणं कोणती दाबली, आडवं किती, उभं किती. आता यातला पहिला बाइट जीपीएमनं उचलला आणि पुढचे दोन एक्सच्या हाती लागले, तर एक्स 'आडवं किती' हेच 'बटणं कोणती' म्हणून वाचणार. बाण सूंकन कोपऱ्यात जाणार, वाटेत नको त्या गोष्टी उघडत, मिटत. एकाच पोस्टमननं आणलेलं पत्र दोन भाडेकरूंनी फाडून निम्मं निम्मं वाचल्यावर कुणाचं लग्न कुणाशी ठरेल? उपाय असा काढला की जीपीएमनं एकट्यानं वाचायचं आणि एक्सला मोठ्यानं वाचून दाखवायचं.

१९९६ मध्ये माऊसला चाक आलं आणि तीनाचे चार बाइट झाले. जुन्या यंत्रांना चौथा बाइट झेपेना, म्हणून चाकाचा माऊस आपण होऊन काही बोलत नाही. त्याला परवलीची खूण द्यावी लागते. यंत्र त्याला लागोपाठ सांगतं : वेग २०० कर, १०० कर, ८० कर. वेगाशी कुणालाच देणंघेणं नसतं. ही दारावरची टकटक. टक, टकटक, टक. मग माऊस ओळखतो की आपलीच माणसं, आणि चार बाइटांत बोलू लागतो. एक माऊस दोन कॉम्प्युटरना जोडणारी खटक्याची डबी मध्ये आली की ही खूण कधी कधी हरवायची. यंत्र चार मोजतंय, माऊस तीन पाठवतोय. लिनक्सच्या आतल्या वहीत त्यावर एक शेरा यायचा, की माऊसचा ताळमेळ सुटला, एक बाइट फेकून देत आहे. सरकारी कामकाजात इतका प्रामाणिक शेरा मी कधी वाचला नाही.

मग व्होइटेख पाव्हलिक या झेक गृहस्थानं सगळ्या आत येणाऱ्या यंत्रांसाठी एकच खातं उघडलं, आणि डिसेंबर २००३ मधल्या २.६ आवृत्तीपासून ते सगळीकडं लागू झालं. कितीही माऊस लावा, त्यांची मिळून एक धार. सोय झाली म्हणता म्हणता नवा घोळ : एक्सला ती एकत्र धारही जोडलेली आणि टचपॅड वेगळाही जोडलेला, असं झालं की बोट एकदा फिरवलं तरी खबर दोनदा. एकच लग्नपत्रिका पोस्टानंही आली आणि हातीही दिली, म्हणून दोन आहेर करावेत, तसं.

२००७ च्या सुमाराला एक्सनं ठरवलं की आता यंत्रं जोडली-काढली की आपोआप कळलं पाहिजे. ही खबर आणायला नेमला एक मध्यस्थ. नाव हॅल. लिनक्सवाल्यांचे जे हाल झाले ते या हॅलपायी. मध्यस्थ जागा असेल तर ठीक. झोपला असेल तर खिडक्या उघडायच्या, बाण मधोमध उभा, आणि कीबोर्ड-माऊस दोन्ही मेलेले. त्यात कळांचे तक्ते बदलले. लिनक्सच्या आत वरच्या बाणाचा नंबर १०३. एक्सच्या घरात पहिले आठ नंबर राखीव, म्हणून आठ मिळवायचे, झाले १११. पण एक्सच्या जुन्या तक्त्यात १११ म्हणजे पडद्याचा फोटो काढायची कळ! तक्ता जुना आणि यंत्रणा नवी अशी जोडी जमली की लोक एक ओळ वर जायला बाण दाबायचे आणि यंत्र फोटो काढायचं. पुन्हा वर, पुन्हा फोटो. २०१० मध्ये मध्यस्थाला घरी बसवलं, तेव्हा हे निवळलं.

यातला मला आवडलेला माणूस पीटर हटरर. ऑस्ट्रेलियात डॉक्टरेट करताना त्यानं सरळ प्रश्न केला की पडद्याला बाण एकच का? दोन माणसं, दोन माऊस, दोन बाण. २००९ मध्ये ते एक्समध्ये आलंही. हुकूम सोडला की दुसरा यजमान तयार, आणि कुठला पाहुणा कुणाच्या पंगतीला बसवायचा ते आपण ठरवायचं. फारसं कुणी ते वापरत नाही. आपल्याकडं दोन माणसं एका कॉम्प्युटरपाशी बसली तर एक काम करतो आणि दुसरा सल्ला देतो. त्याला बाण लागत नाही. एक्सच्या जागी आता वेलँड येतंय. तिथं बाण आणि कीबोर्डाच्या जोडीला 'सीट' म्हणतात. एस.टी.सारखंच. रुमाल कुणी टाकला ते आधी बघायचं.

रविवारी मुलगा आला. ताईलाही मी मुद्दाम बोलावून घेतलं. 'भुताला तुझी सवय आहे' असं सांगून. ती आली, पण हातांची घडी घालून बसली.

मुलानं काळ्या खिडकीत 'एक्सइनपुट लिस्ट' असं टंकलं. घरच्या यंत्रांची शिरगणती पडद्यावर आली. "आजोबा, तुमच्याकडं सहा कीबोर्ड आहेत."

मी टेबलाकडं पाहिलं. एकच होता. जुना, जाडजूड, वर मी स्वतः इनस्क्रिप्टची मराठी अक्षरं चिकटवलेला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं.

"घाबरू नका. यंत्र चालू करायचं बटण असतं ना, ते पण लिनक्सच्या हिशेबी कीबोर्डच. एका कळेचा. झोपवायचं बटण, तेही. हा एक आभासी. हा तुमचा जुना. आणि हा बिनतारी कोणता?"

"माऊस. भाच्यानं दिलेला."

"माऊस हा वेगळा. त्याच डबीवर हा कीबोर्ड पण आहे."

मग त्यानं 'ईव्हीटेस्ट' नावाचं एक हत्यार काढलं. ते एका यंत्राला कान लावून बसतं आणि ऐकू येईल ते लिहून काढतं. कळ दाबली की १, सोडली की ०, दाबूनच धरली की २. त्यानं बिनतारी कीबोर्डला कान लावला. काही नाही. पाच मिनिटं काही नाही. मुलगा घड्याळ बघायला लागला. ताईनं शिरगणती वाचायला मघाशी चष्मा लावला होता. ती म्हणाली, "माझ्या नजरेला घाबरतंय, म्हटलं ना," आणि चष्मा काढून घरात घातला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गुडघ्यानं ढकलला.

पडद्यावर ओळ आली. कळ १४, बॅकस्पेस, १. आणि मग २, २, २, २, २, असा पाऊस.

"हा कीबोर्ड कुठाय?" मुलगा ओरडला.

"तो? तो मी वापरतच नाही. कळा फार चपट्या आहेत. तो ठेवून दिलाय—"

पुढं बोलायची गरज पडली नाही. मी ड्रॉवर उघडला. पडद्यावर ० आलं आणि पाऊस थांबला.

भाच्यानं दिलेल्या जोडीतला माऊस मी टेबलावर ठेवला होता आणि कीबोर्ड, जुन्या बिलांच्या गठ्ठ्यावर, ड्रॉवरमध्ये. दोघांची डबी यंत्रामागं लागलेली. कीबोर्डचा खटका चालू. त्याच्या उजव्या कोपऱ्यात बॅकस्पेस आणि बरोबर तिच्यावर ताईच्या चष्म्याचं घर. ड्रॉवर मिटला की वरची फळी घराला दाबायची, घर कळेला दाबायचं, आणि कीबोर्ड इमानदारीनं कळवायचा : दाबली. सोडली असं तो कळवत नव्हता, कारण सोडलीच नव्हती. अर्धा सेकंद वाट बघून बाकीची पुनरुक्ती यंत्र आपल्या जबाबदारीवर करत होतं. एक्सच्या लेखी पाहुण्याचं बोलणं तेच यजमानाचं बोलणं. माझे हात वर असले तरी घरातलं कुणीतरी 'खोडा' म्हणतंय, एवढं त्याला पुरे होतं. आणि ताईनं चष्मा घ्यायला ड्रॉवर उघडला की भूत पसार.

"सोपं आहे, हे डिव्हाइस डिसेबल करून टाकू," मुलगा म्हणाला. एका हुकमात त्यानं ते केलं. पण यंत्र बंद करून लावलं की हुकूम विसरला जातो, म्हणून त्यानं कायमचा बंदोबस्त लिहायला घेतला : या नावाचं यंत्र दिसलं तर दुर्लक्ष करावं. सहा ओळी. यंत्र पुन्हा सुरू केलं. कीबोर्डकडं दुर्लक्ष झालं होतंच, माऊसकडंही झालं होतं. दोघांचं आडनाव एकच. मुलानं 'कीबोर्ड असेल तरच' अशी सातवी ओळ घालायला घेतली, माऊसशिवाय, टॅबच्या उड्या मारत. मी मागून सूचना करत होतो. पाच दिवसांचं वाचन होतं माझं. म्हटलं, हटररच्या पद्धतीनं त्याला दुसऱ्या पंगतीला बसवता येईल का?

"अरे, त्याचे सेल काढा ना," ताई म्हणाली.

सेल आता भिंतीवरच्या घड्याळात आहेत.

मुलगा जिना चढून गेल्यावर (जाताना 'येतो काका' म्हणाला) मी नवा कागद उघडला. ताईनं घडी सोडवली. म्हटलं, ताई, अण्णा यंत्र घेऊन कसे बाहेर पडले ते परत सांग. मेणकापडात गुंडाळलेलं, खांद्यावर घेऊन, पाण्यातून.

"यंत्र कुठलं?" ताई म्हणाली. "यंत्र घरातच राहिलं. पाणी ओसरल्यावर गाळातून काढलं. अंगणात रॉकेलनं धुतलं अण्णांनी, आठ दिवस. 'र' नेहमी अडकायचा बघ त्याचा, तो तेव्हापासून."

'र' अडकायचा हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच यंत्रावर मी टंकायला शिकलो.

"पण त्या दिवशी तू खांद्यावर म्हणालीस. मी टंकलं होतं."

"तू यंत्राचं विचारत होतास ना सारखं. मग आलं असेल तोंडात. खांद्यावर तू होतास. मेणकापड तुझ्याभोवती होतं. यंत्राकडं बघून अण्णा एकदा थांबले, उंबऱ्यात. पाणी इथवर होतं." तिनं हात कमरेशी धरला. "मग गेले पुढं."

मी ते टंकलं आणि जतन केलं. दोनदा केलं. ताई पुढं वाकून वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढला, घरात घातला, ड्रॉवर उघडून आत ठेवला आणि गुडघ्यानं ढकलला. आम्ही दोघंही पडद्याकडं बघत राहिलो. उभी रेघ शेवटच्या पूर्णविरामापुढं उघडमीट करत होती.

"हं," मी म्हटलं, "मग उंबऱ्याबाहेर?"